सूत कातता येते का?

इंदुरीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपासून थोड्या अंतरावर एक कृष्णधवल छायाचित्र कित्येक वर्षे टांगलेले आहे. माझ्या वडिलांनी ते एका जुन्या दिनदर्शिकेतून कापून चौकटीत बसवून घेतले होते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते कोठे ना कोठे पाहिले असेल. पुढे मोठा चरखा. त्याच्या मागे जमिनीवर बसलेले उघड्या अंगाचे गांधीजी. डोळ्यांवर चष्मा, मान खाली, हातात वर्तमानपत्रांची कात्रणे. आणि खोलीत खिडकीतून आलेला मंद उजेड. एवढेच ते चित्र. लहानपणापासून ते माझ्या नजरेसमोर आहे. पण नजरेसमोर असणे आणि पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला फार उशिरा उमगले. त्याला निमित्त झाली आमच्याच गावाजवळची एक दुःखद घटना.

इंदुरीजवळ इंद्रायणीच्या पात्रात कुंडमळा नावाचे ठिकाण आहे. खडकात पाण्याने कोरलेली कुंडे, पावसाळ्यात त्यांतून उसळणारा प्रवाह आणि वरून जाणारा जुना लोखंडी पूल. १५ जून २०२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणाच्या रविवारी, दुपारी तो पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासाहून अधिक जखमी झाले. संध्याकाळपर्यंत त्या घटनेची चित्रे गावोगावी, घरोघरी, हातोहाती पोहोचली होती. माझ्याही हातातल्या फोनवर आली. त्यांत एक चित्र होते: नदीकाठच्या चिखलात बसलेली एक बाई. अंगावरचे वस्त्र भिजून विस्कटलेले, चेहरा कॅमेऱ्याकडे, पण डोळे कोणाकडेच नाहीत. मी हळहळलो आणि ते चित्र तीन गटांवर पुढे पाठवले. खाली दोन शब्द सहानुभूतीचेही लिहिले.

रात्री एका सिस्टरांचा फोन आला. त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे खेड्यांतील दवाखान्यांत घालवली आहेत आणि त्या फार कमी बोलतात. त्यांनी विचारले, "मास्तर, त्या बाईंना तुम्ही ओळखता का?" मी म्हणालो, "नाही, सिस्टर." "मग त्यांचं चित्र तुम्ही मला कोणत्या नात्याने पाठवलंत?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी काहीतरी पुटपुटलो की, लोकांना कळावे, प्रार्थना करावी, म्हणून पाठवले. "प्रार्थनेला तिचा चेहरा लागत नाही, मास्तर," एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या रात्री पुढच्या खोलीत बसलो असता समोरच्या भिंतीवरचे ते चित्र दिसले आणि त्याची जन्मकथा आठवली. ही कथा घडली ती आपल्याच जिल्ह्यात, पुणे शहरात, १९४६ साली.

पुणे शहराशी गांधीजींचे नाते दीर्घ आणि कष्टाचे होते. येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी अनेक वर्षे काढली. आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत १९४२ साली त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले आणि १९४४ साली कस्तुरबा गेल्या. १९४६ च्या सुरुवातीच्या महिन्यांत ते पुन्हा पुण्यात आले होते ते डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राच्या निमित्ताने. याच विचारातून त्या मार्चमध्ये उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमाचा आरंभ झाला. त्या वर्षी अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाने आपली छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट हिला हिंदुस्थानात पाठवले होते. १९३६ साली 'लाइफ'च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तिने टिपलेले धरणाचे छायाचित्र झळकले होते. पोलादाचे कारखाने, यंत्रे, धरणे यांची भव्यता टिपण्यात तिचा हातखंडा होता. रिचर्ड अॅटनबरो यांच्या १९८२ च्या 'गांधी' चित्रपटात कॅमेरा घेऊन वावरणारी जी परदेशी स्त्री आपण पाहिली, ती हीच.

चरख्यापाशी बसलेल्या गांधीजींचे छायाचित्र हवे म्हणून ती पुण्यास त्यांच्या निवासस्थानी गेली. दाराशी भेटले गांधीजींचे सचिव प्यारेलाल. त्यांनी तिला वेळ विचारली नाही, ओळखपत्र विचारले नाही. तिला सूत कातता येते का, असे त्यांनी विचारले. ती गोंधळली. तिने सांगितले की, ती महात्माजींबरोबर सूत कातायला आलेली नाही, सूत कातणाऱ्या महात्माजींचे चित्र घ्यायला आली आहे. प्यारेलालांचे म्हणणे असे की, जिला कातता येत नाही तिला चरख्याचा अर्थ कसा कळणार? आणि अर्थ कळल्यावाचून चित्र कसले घेणार? तेव्हा आधी सूत कातायला शिकावे, मग पुढचे बोलावे.

जगभर जिच्यासाठी कारखान्यांचे आणि राजवाड्यांचे दरवाजे उघडत होते, ती बाई अखेर चरख्यापुढे बसली. शिकवणी झाली. मग आत जाण्याची परवानगी मिळाली, तीही अटींसह. तो गांधीजींचा मौनाचा दिवस होता, म्हणून त्यांच्याशी बोलायचे नाही. त्यांच्या डोळ्यांना प्रखर प्रकाश सोसत नसे, म्हणून कृत्रिम प्रकाश नको. पुष्कळ विनवणी केल्यावर चमकणारे तीन दिवे वापरण्याची मुभा मिळाली. तीनच. पहिल्या दोन प्रयत्नांत कधी यंत्राने, कधी घाईने दगा दिला आणि दोन दिवे वाया गेले. तिसरा दिवा साधला. आपल्या भिंतीवरचे चित्र त्या तिसऱ्या दिव्याचे आहे. पुढेही ती गांधीजींची चित्रे घेत राहिली आणि आपल्यावर वारंवार दिवे पाडणाऱ्या या बाईला ते थट्टेने छळवादी म्हणत.

आणखी एक गोष्ट. ज्या लेखासाठी हे छायाचित्र घेतले गेले, त्या लेखात ते छापलेच गेले नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली, तेव्हा श्रद्धांजलीच्या पानांत 'लाइफ'ने ते ठळकपणे छापले आणि तेथून ते जगाच्या स्मरणात गेले.

ही हकिगत सांगताना लोक सहसा हसतात. म्हाताऱ्याच्या सचिवाने गोऱ्या बाईची कशी जिरवली, असा एक सूर त्यात असतो. परंतु मला त्या अटीत थट्टा दिसत नाही.

आमच्या पिढीने प्राथमिक शाळेत टकळीवर सूत कातले आहे. मूलोद्योगाच्या तासाला गुरुजी प्रत्येकाच्या हातात एक टकळी आणि एक पेळू देत. पाहणाऱ्याला वाटते, यात काय आहे? टकळी फिरवायची आणि हात वर न्यायचा. प्रत्यक्षात धागा तुटतो. जोडला की पुन्हा तुटतो. एका जागी जाड, एका जागी केसासारखा बारीक. जोर केला तर तुटतो आणि ढिलाई केली तरी तुटतो. महिनाभराने जेव्हा हातभर सलग सूत निघाले, तेव्हा माझ्या अंगावरच्या सदऱ्याकडे मी प्रथमच कुतूहलाने पाहिले. एवढ्या कापडात किती हात सूत असेल? ते कोणी कातले असेल? सदरा तोच होता. माझी नजर मात्र बदलली होती, आणि ती पाहून बदलली नव्हती, हात दुखल्यावर बदलली होती.

प्यारेलालांना हेच अभिप्रेत असावे असे मला वाटते. चरख्याविषयी वाचून, ऐकून जे कळते ते एक, आणि तुटलेला धागा बोटांनी जोडताना जे कळते ते दुसरे. पहिल्या ज्ञानात मी बाहेर उभा असतो आणि समोरचा माणूस माझ्या पाहण्याचा विषय असतो. दुसऱ्यात मी त्याच्या शेजारी बसलेलो असतो. त्या छायाचित्राकडे नीट पाहिले तर लक्षात येते की, त्यात गांधीजी सूत कातत नाहीतच. ते वाचत आहेत. चरखा थांबलेला आहे. केवळ देखाव्यासाठी आलेल्या माणसाने कदाचित चाक फिरवण्याची विनंती केली असती. जिने स्वतः थोडे कातले होते, तिला चरखा हा दाखवण्याचा पदार्थ न वाटता त्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या दिवसाचा भाग वाटला असावा. हा माझा तर्क आहे. परंतु त्या चित्रातील शांतता मला तरी असेच सांगते.

येथे थांबता आले असते तर हा लेख एखाद्या बोधकथेसारखा संपला असता. परंतु त्याच बाईच्या चरित्रातील पुढची पाने वेगळी आहेत आणि ती वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९४७ साली फाळणीच्या वेळी बर्क-व्हाइट पंजाबात होती. मैलोन् मैल चाललेल्या निर्वासितांच्या तांड्यांची तिने घेतलेली छायाचित्रे आज त्या काळाचा मोठा पुरावा मानली जातात. तिच्याबरोबर असलेल्या सहकारी वार्ताहराने पुढे सांगितले की, हवे तसे चित्र मिळावे म्हणून थकलेल्या, भेदरलेल्या माणसांना तिने पुन्हा पुन्हा मागे जाऊन चालायला लावले. नकार देण्याचे बळ त्यांच्यात उरले नव्हते. आणि ३० जानेवारी १९४८ ला, ज्या दिवशी काही तासांपूर्वीच तिने गांधीजींची मुलाखत घेतली होती, त्या संध्याकाळी ती कॅमेरा घेऊन बिर्ला भवनातील त्या खोलीत शिरली, जेथे त्यांचा देह ठेवला होता. शोकात बुडालेल्या माणसांमध्ये तिच्या दिव्याचा झोत चमकला. लोक संतापले. तिची फिल्म काढून घेण्यात आली आणि तिला बाहेर जावे लागले.

पुण्याच्या दारात सूत कातायला शिकलेली बाई ती हीच! मग त्या शिकवणीचा उपयोग काय झाला?

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. तिला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण तीन गटांवर चित्र पाठवणाऱ्या माझ्यासारख्याला तो अधिकार नाही. मला वाटते, फरक तिच्यात नव्हता, दाराशी होता. पुण्यात गांधीजींना अट घालता येत होती. ते थोर होते, सारे जग त्यांच्याकडे पाहात होते आणि त्यांच्या दाराशी प्यारेलाल उभे होते. पंजाबच्या रस्त्यावरील म्हातारीच्या दाराशी कोणीही नव्हते. तिला दारच उरले नव्हते. आणि बिर्ला भवनात जो देह होता, त्याला मौन सोडून दुसरे काही उरले नव्हते. पण त्या दिवशीचे मौन अट घालणारे नव्हते. ज्याला 'थांब' म्हणता येते त्याच्यापुढे आपण नम्र होतो. ज्याला म्हणता येत नाही त्याच्यापुढे आपला कॅमेरा बिनदिक्कत होतो. त्या नम्रतेला सदाचार म्हणायचे की केवळ अडवणुकीपुढची माघार? आपल्या नीतीची खरी कसोटी पहारेकरी नसलेल्या दारापाशीच लागते.

कुंडमळ्याच्या चिखलात बसलेल्या त्या बाईच्या दाराशी कोण होते? तिचे चित्र घेणाऱ्यालाही कोणी अडवले नाही आणि ते पुढे पाठवणाऱ्या मलाही. माझ्या बाबतीत प्यारेलालांचे काम एका सिस्टरांना करावे लागले, आणि तेही चित्र निघून गेल्यावर.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. परवानगीची आणि पात्रतेची वाट पाहात बसले तर जगातील अन्याय झाकलेलाच राहील. एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीतील बुखेनवाल्ड छळछावणी मुक्त झाली, तेव्हा तेथील सांगाड्यांसारख्या जिवंत माणसांची आणि प्रेतांच्या ढिगांची छायाचित्रे घेणाऱ्यांत बर्क-व्हाइटही होती. त्या कैद्यांना तिने संमती विचारत बसायचे होते काय? ती चित्रे नसती तर 'असे काही घडलेच नाही' असे म्हणणाऱ्यांचे किती फावले असते! साक्ष देणे हेही कर्तव्य आहे. पूल का कोसळला, गर्दी का आवरली गेली नाही, हे विचारण्यासाठीही पुरावा लागतो.

हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु तो मान्य केल्यावरही माझी सुटका होत नाही. कारण साक्ष कोणाविरुद्ध आहे, कोणासाठी आहे, हे साक्षीदाराला सांगता आले पाहिजे. बुखेनवाल्डचे चित्र पाहणाऱ्याला विचारते की, हे कोणी केले आणि तुम्ही कोठे होता? त्या चित्रात झुकलेली मान पाहणाऱ्याची असते. कोसळलेल्या पुलाचे चित्र, गंजलेल्या लोखंडाचे चित्र असाच प्रश्न विचारू शकते. भिजलेल्या बाईच्या चित्राने कोणाला काय विचारले? त्याने फक्त मला क्षणभर हळहळण्याचे समाधान दिले आणि तिची उरलीसुरली आब घेतली. तेथे साक्ष नव्हती. माझे कुतूहल होते आणि त्याने करुणेचा झगा घातला होता.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त आपण शेकडो वेळा ऐकला आहे. त्यातील एक बारकावा या प्रसंगानंतर मला नव्याने जाणवला. वाटेवर पडलेल्या त्या जखमी माणसाला याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले आणि शोमरोन्यानेही पाहिले. पाहण्याचे क्रियापद तिघांनाही लागू आहे. म्हणजे न पाहणे हा पहिल्या दोघांचा दोष नव्हता. त्यांचे पाहणे रस्त्याच्या पलीकडच्या कडेवरून झाले. तिसरा जवळ गेला; तेल आणि द्राक्षारस, पट्ट्या, जनावर, धर्मशाळेचा खर्च, हे सारे त्या जवळ जाण्यातून आले. पाहण्याची किंमत त्याने चुकती केली.

आणि क्रुसाच्या वाटेवरील सहावे स्थान. वेरोनिकेची कथा शुभवर्तमानात नाही, ती परंपरेने आपल्याला दिली आहे. पण प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी आपण त्या स्थानापाशी गुडघे टेकतो. गर्दी तर त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होती. सगळे पाहात होते. एकटी ती पुढे झाली आणि रक्ताने, घामाने माखलेला तो चेहरा तिने आपल्या वस्त्राने पुसला. परंपरा सांगते की त्या वस्त्रावर तो चेहरा उमटला. ती चित्र घेण्यासाठी गेली नव्हती. ती पुसायला गेली होती. चित्र तिला मिळाले ते देणगी म्हणून. इतक्या वर्षांत हा क्रम माझ्या कधी ध्यानात आला नव्हता: आधी हात, मग प्रतिमा.

सूत कातता येते का, हा प्रश्न मला आता असा ऐकू येतो: ज्याच्याकडे तू पाहतो आहेस, त्याच्यासाठी तुझा हात थोडा तरी दुखला आहे का? सगळ्यांना सगळ्यांसाठी झिजता येणार नाही हे खरे. पण ज्याच्यासाठी आपण काहीच केलेले नाही, त्याच्या दुःखाचा चेहरा निदान आपण वाटत फिरू नये, एवढे तर करता येईल. आणि प्रत्येक वेळी हे नव्याने करावे लागेल. एकदा सूत कातले म्हणून जन्मभराची पात्रता येत नाही, हे त्या कर्तृत्ववान बाईच्या आयुष्याने आपल्याला दाखवून दिले आहे. तिच्या चुकांसाठी नव्हे, तर या शिकवणीसाठी मी तिचा ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिन्ही गटांवर लिहिले की, काल मी पाठवलेले चित्र कृपया काढून टाकावे. ते पाठवणे ही माझी चूक होती. काहींनी ते काढले. एकाने हसण्याचे चिन्ह पाठवले. एकाने कळवले की, मास्तर, ते तर केव्हाच पुढे गेले. संध्याकाळी सिस्टरांकडे गेलो. मी काय केले ते सांगितले. त्यांनी शाबासकी दिली नाही. जखमींसाठी जुनी स्वच्छ वस्त्रे आणि चादरी गोळा करायच्या होत्या, त्यांची यादी त्यांनी माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, "इंदुरीतली घरं तुम्ही घ्या."

मी घरे घेतली. ती बाई कोण, ती बरी झाली का, तिला कोणी घरी नेले, हे मला अजून ठाऊक नाही. तिचे चित्र किती फोनांत पडून आहे, हेही ठाऊक नाही. आपल्या कुटुंबांत मुलांच्या हाती आज फार लवकर कॅमेरा येतो. तो देताना आपण त्यांना तो कसा वापरायचा हे शिकवत नाही. तेच आपल्याला शिकवतात. पण दाराशी उभे राहून तो एक प्रश्न विचारणे आपल्या हातात आहे. त्यांना विचारण्याआधी आपण तो स्वतःला विचारलेला असला म्हणजे झाले.